नसीमच्या गोष्टीतली गल्ली

नसीम, कादंबरीतल्या पोरीला वाचवायला भर दुपारी मुधोळच्या बसस्टँडवर धावत गेलेली बाई साऱ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि ती मी आहे. हे आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी म्हणायला नको. चपला हातात, पदर मागे रस्ता झाडतोय, वय चाळिशीला टेकलेलं, घरात सून आणायच्या गोष्टी चाललेल्या, आणि डोक्यात एकच की जमीला बसमध्ये चढली की संपलं सगळं. जमीला! जी कुठं नव्हतीच. जिला विलायतेतल्या कुण्या माणसानं आपल्या खापरपणज्यांच्या काळात कागदावर जन्माला घातलं होतं. तेव्हाच्या त्या गंगाला, म्हणजे मलाच, आज समोर बसवलं तर तिचे दोन्ही कान धरून विचारीन, "बाई गं, मानेवर डोकं होतं का नुसता अंबाडा?"

हे आठवून मी आजवर पोट धरून हसत आले. तू गेल्यापासून मात्र हसू मध्येच अडकतं आणि भीती वाटते.

मला दुपारची भीती वाटते. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, ऊन तुमच्या भिंतीवर चढलं की माझे कान आपोआप तुझ्या अंगणाकडे जातात, आणि तिकडून काही येत नाही. कात्र्यांची कचकच नाही. गोष्ट सुरू करायच्या आधी तू एकदा घसा खाकरायचीस, तो आवाज नाही. माझ्या नातीला वाटतं, आजी कुणाला भीत नाही. जावयाच्या चहात मीठ टाकणारी म्हातारी कशाला भिईल? परवा ती म्हणाली, "आजी, तू नसीमनानीच्या घराकडं पाठ करून काऊन बसतीस?" मी म्हटलं, "ऊन लागते बाई डोळ्याला." तिथं सावली होती.

खरी भीती वेगळीच आहे. इतकी वर्षं शेजारी राहून एक गोष्ट मी तुला विचारली नाही आणि तू आपणहून सांगितली नाहीस. माझ्यापायी तुझ्या गोष्टीतून आमची सगळी गल्ली उठून गेली. त्याचा तुला राग होता का? आता हे कुणाला विचारू?

तू आमच्या शेजारी आलीस तेव्हा तुझ्या कडेवर शमा होती आणि मागे हातगाडीवर एक लोखंडी पेटी. नवरा दुबईला गेलेला. आधी त्याच्या आवाजाच्या कॅसेटी यायच्या, मग त्या लहान होत गेल्या, मग थांबल्या. तू थोरल्या दिराच्या, करीमभाईंच्या आधाराला आलीस. आमचे हे तहसीलमध्ये कारकून. तुझ्या अंगणाची आणि माझ्या न्हाणीची भिंत एकच. पेटीत दागिने असतील म्हणून मी पहिल्याच आठवड्यात निमित्त काढून डोकावले. आत पुस्तकं! जाडजूड, इंग्रजी, कव्हरं गेलेली, वाळवीनं कुरतडलेली. तुझे अब्बा मंचेरियलकडे कोळशाच्या खाणीवरच्या कुण्या गोऱ्या साहेबाचे खानसामा होते. साहेब गेला, पुस्तकं टाकून गेला. मिशनच्या शाळेत तू इंग्रजी शिकलीस आणि वाळवीच्या आधी जेवढी पुस्तकं वाचून होतील तेवढी वाचलीस. मी म्हटलं, "अगं, याच्यापेक्षा दोन पितळेच्या घागरी आणल्या असत्या." तू म्हणालीस, "अक्का, घागर में बातां नहीं रहते."

करीमभाईंच्या अंगणात बोरीच्या झाडाखाली गल्लीतल्या बाया विड्या वळायला जमायच्या. मीही जायची. घरात काम नव्हतं असं नाही, पण तिथं बोलणं होतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या तुकड्यावर पान धरून कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा. हात चालतात पण तोंड आणि कान रिकामे. अशात एके दिवशी तू तुझ्या पुस्तकातली गोष्ट काढलीस आणि बायांचे हात जे चालायला लागले ते थांबेचनात. मग रीतच पडली. तू सांगायचीस, हात मांडीवर ठेवून, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्या सुपातली मूठभर विडी तुझ्या सुपात टाकायची. कारखान्यात तुझ्या विड्या पाहून मुनीम म्हणायचा, "ही बाई रोज वेगळ्या हातानं विडी वळते काय?"

काय सांगायचीस तू! विलायतेतली ती गोष्ट तू अशी उचलून आणायचीस की तिच्या अंगाला आपल्या गल्लीची धूळ लागलेली असायची. कादंबरीतली अनाथ पोर मामाच्या हवेलीत वाढते. तुझी जमीला कापसाच्या आडत्याच्या, म्हणजे मामूच्या घरी वाढायची, चुलीपाशी झोपायची. तिकडच्या पोरी पेटीसारखा मोठा बाजा वाजवायच्या, तू जमीलापुढं शिवणयंत्र ठेवलंस. तिकडचा नाच म्हणजे आपल्याकडची मेंदीची संध्याकाळ. तिकडचा लाल डगलेवाला हसरा फौजी म्हणजे तुझ्या गोष्टीतला, काळा चष्मा लावून दुबईहून आलेला, खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारा सलीम. आणि एक मुका मुका राहणारा, हवेलीच्या जमिनी पाहणारा कारभारी होता, त्याला तू आडतीवरचा कापूस तोलणारा दाऊद केलंस. दाऊदचं प्रेम होतं पण तो ते बोलायचा नाही, फक्त जमीलाच्या दारासमोरून जाताना सायकलची घंटी वाजवायचा नाही. बाकी सगळ्या दारांसमोर वाजवायचा. हे तू सांगितलंस तेव्हा हमीदाखालाच्या हातातली कात्री खाली पडली. तिकडच्या प्रेमपत्रांच्या जागी तू कॅसेटी आणल्यास. सलीमनं कॅसेटच्या एका बाजूला कव्वाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूला आपलं मन. मामीनं ऐकायला लावली तर कव्वाली. जमीलानं उलटली तर सलीम. अगं, आम्ही घरी जाऊन आपापल्या कॅसेटी उलटून पाहिल्या.

तू तर दर वेळी बजावून सांगायचीस, "किताबातली आहे हं, अक्का." आणि इथंच घात झाला. आपल्या अंगणाची जुनी रीत तुला ठाऊक नव्हती. कुणाच्या घरातली खरी भानगड सांगायची असली की बाई आधी म्हणायची, "ये किताब का किस्सा है." मग नाव बदलायचं, घर बदलायचं, आणि ऐकणारीनं आपलं आपण ओळखायचं. तक्रार आली तर हात वर, किताबातलं होतं बाई. म्हणजे तू जेवढं खरं बोलत होतीस तेवढं आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. हो हो, किताबातलं! सगळ्यांत जास्त कोपर माझं.

मी मग घरी जाऊन शोध लावायची. मामूच्या घरी वाढलेली पोर कोण? बांगड्यावाल्या रहीमचाचाच्या घरी त्यांची पुतणी तस्लीम वाढत होती. चाचा की मामू, तेवढं बदललंस, मला कळत नाही काय? जमीलाच्या शिवणयंत्रावरचं सोनेरी फूल अर्धं उडालेलं होतं, तस्लीमच्या यंत्रावरचंही. आणि काळा चष्मा लावून दुबईहून आलेला अन्वर त्याच महिन्यात गल्लीत हिंडत होता. झालं. आमच्या ह्यांना मी जेवताना सांगितलं, "तुमच्या ऑफिसात सगळे कागद असतात, पण गावात काय चालून राह्यलं ते तुमाले ठाव नाही." हे म्हणाले, "वरण घाल."

नंतर पुढं तू सांगितलंस की सलीमची दुसऱ्या गावी आधीच मंगनी झालेली आहे आणि त्याला फक्त जमीलाच्या आईनं ठेवलेलं सोनं हवंय. जमीलाला ते माहीत नाही. जुम्म्याच्या दिवशी पुरुष मशिदीत गेले की ती गाठोडं घेऊन बसस्टँडवर जाणार. एवढं सांगून तू खाकरलीस, सूप उचललंस आणि म्हणालीस, "बाकी शनिवारला." त्या दिवशी गुरुवार होता.

मला जेवण गेलं नाही. मला तस्लीम आवडायची, नसीम. माझ्या बांगड्या भरताना ती माझा हात असा धरायची की एकही काकण तडकत नसे. मला वाटलं, ही नसीम आम्हाला मुद्दाम सांगतेय. तिला स्वतःला बोलता येत नाही, दिराच्या घरात राहते, म्हणून किताबाआडून सांगतेय की कुणीतरी जा, कुणीतरी थांबवा. आणि बाकीच्या बाया विड्या वळत बसल्यात! शुक्रवारी बांग झाली. मी गॅलरीतून पाहिलं, तस्लीम गाठोडं घेऊन गल्लीच्या तोंडाशी वळली.

पुढचं तुला मी कधी नीट सांगितलं नाही, लाजेनं. मी धावले. चपलेचा अंगठा तुटला म्हणून दोन्ही हातात घेतल्या. स्टँडवर निर्मल गावाला जाणारी बस उभी, तस्लीम एकटी, आणि तिच्यापासून चार हातांवर काळा चष्मा! मी जाऊन तिचा दंड धरला आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "पोरी, घरी चाल! या चष्मेवाल्याची मंगनी झालेली आहे! याले तुझं सोनं पाहिजे!" अन्वरचा चष्मा पडला. त्याला बिचाऱ्याला निजामाबादला दात काढायला जायचं होतं. कंडक्टरनं शिट्टी तोंडातच ठेवली. शेंगदाणेवाला, रिक्षावाले, मुधोळच्या बाजाराला आलेली अर्धी खेडी गोळा झाली. तेवढ्यात नळावर पाणी प्यायला गेलेली तस्लीमची चाची ओल्या हातानं आली. दोघी लग्नाचं कापड आणायला निघाल्या होत्या. तस्लीमचं निर्मलला ठरलं होतं, आठवड्यावर मंगनी आली होती.

चाची म्हणाली, "क्या बोलरे तुमे, अक्का? किसने बोला तुमना?"

आणि मी, नसीम, तुझी अक्का, वाघाच्या आवेशात आलेली, शेळीसारख्या आवाजात म्हणाले, "नसीमनं सांगितलं."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी तेच एक वाक्य मला आजवर भिववत आलंय.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज होईपर्यंत बातमी तुझ्या उंबऱ्यावर. रहीमचाचा, मशिदीतले दोन वडीलधारे, आणि करीमभाई बैठकीत बसले. आमचे हे म्हणाले, "तू काऊन गेलती तिकडं? आता घरात बस, तोंड उघडू नको." मी मागच्या दारानं तुझ्याकडे आले. धाडस वगैरे काही नाही, घरात एकटीला भीती वाटत होती म्हणून. बैठकीला पडदा लावला होता. पडद्याअलीकडे तू जमिनीवर, तुझ्या मांडीला डोकं टेकून शमा. मी तुझ्या बाजूला बसले. माझ्या हातातल्या बांगड्या आपोआप वाजत होत्या. तू माझा हात धरून बांगड्या थांबवल्यास. तुझा हात उबदार होता.

करीमभाईंचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "नसीम, सीधा बोलो. ये जमीला कौन है?"

"किताब की है, भाईजान."

पलीकडे कुणीतरी हसलं. रहीमचाचा म्हणाले, "बेटी, हमारे घर की औरतां भी यहीच बोलते. किताब की है बोले तो गल्ली की है."

तेव्हा मला कळलं की आपण काय करून ठेवलंय. तुझ्याजवळ खरं होतं, पण ज्या शब्दांत ते सांगायचं ते शब्द आम्ही बायांनी वापरून वापरून खोटे करून टाकले होते.

करीमभाई म्हणाले, "तस्लीमच्या सासरी एक शब्द गेला तर मंगनी मोडेल. रहीमभाईंच्या पोरीला माझ्या घरातून डाग लागला तर मी तोंड कसं दाखवू? ही गोष्ट तस्लीमची निघाली, तर नसीम, तू उद्या भावाकडं मंचेरियलला. बच्ची को लेके." भावाकडं काय आहे ते मला तू सांगितलेलं होतं. भावजय तुला ओसरीवर निजवायची, आणि तिथं गेलं की शमाची शाळा सुटली. शमानं तुझी ओढणी घट्ट धरली.

तू एका वाक्यात सुटली असतीस. "अक्का येडी आहे, तिला काहीच्या काही वाटलं," एवढं म्हटलं असतंस तर सगळे हसले असते, मीही खाली मान घालून हो म्हटलं असतं. मी तर वाटच पाहत होते. माझ्या ओठांपर्यंत आलंही होतं, 'चूक माझी आहे हो'. पण मी पदर तोंडाला लावून बसले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पडद्याला म्हणालीस, "भाईजान, मैं पूरी सुनाती. आपच सुन के बोलो, ये तस्लीम है क्या."

आणि तू सांगायला लागलीस. आधी बरफ पडला. मी चमकले. आमच्या जमीलाच्या गोष्टीत तर ऊन होतं, भाजत्या उन्हात वाळत घातलेली मिरची होती. तू मिरची काढलीस, बरफ घातलास. मग शिवणयंत्र गेलं, त्याच्या जागी तो मोठा बाजा आला. कॅसेट गेली, चिठ्ठी आली. सलीमच्या अंगावर लाल डगला चढला, दाऊदच्या सायकलचा घोडा झाला. नावंसुद्धा गेली. जीभ अडखळेल अशी विलायती नावं आली. मेंदी गेली, बोरीचं झाड गेलं. घर रिकामं करताना एकेक सामान बाहेर काढून रस्त्यावर ठेवतात तशी तू आमची एकेक वस्तू गोष्टीतून बाहेर काढत होतीस, आणि मी बाजूला बसून बघत होते. शेवटी उरली एक गोरी पोर, एक थंडगार हवेली, आणि फाटकाशी घोडागाडी.

पोर गाडीत चढली तशी तू गप्प झालीस.

"फिर?" रहीमचाचा म्हणाले.

"फिर गाडी चली गई, चाचा."

"किसीने रोका नहीं?"

"सब लोग गिरजे में थे."

"और आखिर में?"

"आखिर के पन्ने दीमक खा गई."

मग रहीमचाचा मोठ्यानं हसले. "बरफ में हमारी तस्लीम कहाँ से जाती, करीमभाई? उसको तो ओस में भी खाँसी होती." दुसरे एक वडीलधारे कुरकुरले, "लेकिन दीमक ने बुरा किया." विषय संपला. चहा मागवला गेला. तस्लीमची मंगनी ठरल्या दिवशी झाली. तू मंचेरियलला गेली नाहीस. करीमभाईंनी एवढंच सांगितलं की गोष्टी सांगा, पण त्यात गल्ली नको. तू होकार दिलास.

मी त्या दिवशी चहाचे कप धुतले. आणि मागच्या दारानं घरी पळाले.

आणि तू शब्द पाळलास, नसीम. इतका पाळलास की मला तुझा राग यायचा. शनिवारी बाया जमल्या, तू खाकरलीस आणि बरफ पडला. त्यानंतर प्रत्येक गोष्टीत बरफ. हमीदाखाला कपाळाला हात लावायची, "आज भी बरफ? अरे किसी को धूप में तो बिठाव!" बायांचे हात मंदावले. तरी उठताना तुझ्या सुपात मूठभर पडायचीच, ती रीत कुणी मोडली नाही. पण दाऊद परत आला नाही. बाकी सगळ्या दारांसमोर घंटी वाजवणारा तो पोरगा विलायतेत कुठं मिळायचा?

मी तुझ्या मागे लागायची. "नसीम, करीमभाई आता म्हातारे झाले, त्यांना ऐकू येत नाही. आमाले परत गोष्टीत घे ना."

"नक्को अक्का. तू फिर बसस्टँडपे जाएगी."

"नाही जाणार, शपथ!"

"तू शपथ लेके जाएगी."

हा वाद आपण किती वर्षं घातला! मी म्हणायची, गोष्ट आपली वाटली नाही तर ऐकायची कशाला? तू म्हणायचीस, आपली वाटली की तुम्ही बाया तिच्यात हात घालता. मी म्हणायची, मग घालू द्यावा. तू म्हणायचीस, "हात तुम डालते, घर मेरा जाता." त्यावर मी तुझ्या कोंबड्यांना नावं ठेवून घरी यायची. तस्लीम माहेरी आली की परत जाताना बसच्या खिडकीतून ओरडायची, "बसस्टँडवाली अक्का, इस बार नहीं रोकते क्या?" तिची पोरंही ओरडायची. साऱ्या स्टँडवर मला तेच नाव पडलं. तू ऐकायचीस आणि हसायचीस. त्या हसण्याच्या खाली काय होतं ते मी शोधत राहायची.

मग ते हिवाळ्याचे दिवस आले. रेडिओवर शहरांतल्या हिंदू-मुसलमान दंग्यांच्या बातम्या, आणि आपल्याकडेही दुकानांची शटरं दुपारीच पडायची. काही झालं नाही इथं, पण होईल होईल म्हणून माणसं दारं लावून बसायची. आमचे हे म्हणाले, "थोडे दिवस तिकडं जाऊ नको. लोकं पाहून राह्यले." मी गेले नाही. हेही खरंच लिहिते, मी गेले नाही. न्हाणीच्या भिंतीतून एक वीट सुटलेली होती, तिथून आपण दह्याची वाटी द्यायचो. त्या भोकातून तुझा खाकरा आला.

"अक्का, डर लग रहा?"

"हौ."

"मेरेकू भी. सुन. बरफ गिर रहा था."

मी ओल्या फरशीवर बसून ऐकलं. भिंतीपलीकडे तू, अलीकडे मी, आणि मधे ती लांबची पांढरी हवेली, जिच्यात आपल्यापैकी कुणीच राहत नव्हतं. त्या दिवशी मी बरफाला नाव ठेवलं नाही.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात निजामाबादच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आले तेव्हा तो रागाचा प्रश्न विचारायचं ठरवूनच आले होते. बसमध्ये वाक्य जुळवत होते. तुझ्या उशाशी बसले, तुझा हात हातात घेतला. आता तो थंड होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "अक्का, तू कुछ पूछने आई."

मी घाबरले. तू खरं सांगितलं असतंस तर? हो म्हणाली असतीस तर मी उरलेले दिवस ते घेऊन कुठं ठेवले असते? मी म्हटलं, "तुझी ती काळी कोंबडी अंडी कुठं घालून राह्यली, तेच विचारायला आले. घरात तर सापडत नाही."

तू हसलीस आणि तुला खोकला लागला. नर्सनं मला उठवलं. शमा दारापर्यंत सोडायला आली. एवढंच आपलं शेवटचं बोलणं, एका कोंबडीचं. अंडी माझ्याच सरपणात सापडली, तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी ती शमाकडे पाठवून दिली. खाणं होईना.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे गेले. त्या दुपारी मी भिंतीकडे पाठ करून बसले होते तर मागच्या दारानं शमा आली. तीच आता शाळेत पोरांना शिकवते. तिच्या हातात तुझं सूप होतं. ते तिनं माझ्यापुढं ठेवलं. मला वाटलं, आता ही विचारेल. त्या दिवशी पडद्याआड तीही होती, तुझ्या मांडीला डोकं लावून. तिला सगळं आठवत असणार. माझ्या बांगड्या वाजायला लागल्या आणि ह्या वेळी त्या थांबवायला तू नव्हतीस. शमा जवळ बसली. ती जे बोलली ते मी एकही शब्द न बदलता लिहिते:

"अक्का, अम्मीनं दवाखान्यात मला जमीलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बरफ नव्हता त्यात, आपली गल्ली होती, दाऊदची सायकल पण होती. जमीला बसच्या पायरीवर पाय ठेवते, अन् एक बाई धावत येते, हातात चपला, अन् तिचा दंड धरते. मी म्हटलं, अम्मी, ही बाई त्या दिवशी पडद्यामागं तू सांगितली नव्हती. तर अम्मी म्हणाली, किताब में वो औरत थीच नहीं बेटा, इसलिए किताब की लड़की चली गई."